नाकाने पास केलेली अळंबी

रंगाऱ्याला जगातल्या बहुतेक गोष्टींची किळस यायची, आणि पोटासाठी त्याने धंदा धरला होता तोही नेमका किळसवाणा. नवीकोरी घरं रंगवणारे रंगारी वेगळे. हा ओलीचा माणूस. ज्या भिंतीत पाणी मुरलंय, ज्या छतावर काळे ठिपके उमटलेत, ज्या न्हाणीघराच्या कोपऱ्यात बुरशीने मांजराच्या पोटासारखी लव धरलीय, तिथे त्याला बोलावणं यायचं. शिडीवर चढायचं, लोखंडी पत्रीने पोपडे खरवडायचे, बुरशी धुऊन काढायची, भिंत वाळू द्यायची, लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची आणि मग रंग. खरवडताना ते काळंहिरवं ओलं पीठ मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत यायचं. तोंडाला फडकं, डोळ्यांना चष्मा, हातात लांब रबरी मोजे, आणि फडक्याआडून अखंड जप चालू, "शी. शी. शी शी शी."

"अहो, एवढी घाण वाटते तर दुसरं काहीतरी करा की," एका घरमालकिणीने त्याला शिडीखालून सुचवलं होतं.

"घाण वाटते म्हणून तर काम चांगलं होतं, बाई. ज्याला वाटत नाही तो अर्धी बुरशी आत ठेवतो आणि वरून रंग फासतो."

त्यात खोटं काही नव्हतं. त्याने साफ केलेल्या भिंतीवर पुन्हा डाग दिसला तर तो स्वतःहून शिडी घेऊन परत यायचा, आणि डागाशी वैर असल्यासारखा तुटून पडायचा.

किळसेचं हे देणं जन्माचं. दुधावरची साय ओठाला लागली म्हणून तो लहानपणी शाळेच्या गणवेशावर भडाभडा ओकला होता. उकडलेल्या अंड्याभोवतीचा पातळ पापुद्रा, केळ्याचे दोरे, दुसऱ्याच्या कंगव्यातले केस, ओलं पायपुसणं, मिटक्या मारत जेवणारा माणूस, कशाचंही निमित्त पुरायचं. इमारतीतल्या लोकांनी त्याचं नाव नाकमुरडे ठेवलं होतं. नवीन भाडेकरूंना ते आडनावच वाटायचं. "काय नाकमुरडे, आज कोणाची न्हाणी?" असं जिन्यात विचारलं की तो चिडायचा नाही. फक्त विचारणाऱ्याच्या दातांत अडकलेलं काहीतरी त्याला दिसायचं आणि तो नजर वळवायचा.

बायको मात्र अगदी उलट धाटणीची. ती म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला होती. दिवसभर लोकांची अंथरुणं बदलायची, ओकाऱ्या पुसायच्या, हगणं-मुतणं काढायचं, कवळ्या घासायच्या, आणि संध्याकाळी घरी येऊन त्याच हातांनी, साबणाने नुसते धुऊन, कांदा चिरायला बसायची. नाकावरची माशी हलायची नाही. लग्नानंतर पहिल्याच सकाळी तिने त्याच्या पेल्यातलं पाणी प्यायलं होतं आणि त्याने तो पेला घासला, विसळला, परत घासला. दुसरी एखादी माहेरी निघून गेली असती. ही भिंतीला टेकून, पोट धरून हसली होती. तेव्हापासून संसार असा चालला होता, की तो नाक मुरडणार आणि ती हसणार. पेले दोन, टॉवेल दोन, त्याचा जेवणाचा डबा वेगळा, त्याला कोणी हात लावायचा नाही. बाकी सगळं एक.

या संसारात अळंबी आली ती मेहुण्याच्या मागून.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. बसवर ड्रायव्हर होता. गुडघे गेले, नोकरी सुटली, आणि तो याच इमारतीत तळमजल्यावरच्या खोलीत राहायला आला. एकटा जीव, जेवायला बहिणीकडे. डॉक्टरने त्याला रोज चालायला सांगितलं. जन्मभर बसून काम केलेल्या माणसाला बिनकामाचं चालणं म्हणजे शिक्षाच. इमारतीच्या मागे बंद पडलेल्या कारखान्याचं आवार होतं. पडकी भिंत, गंजलेले दरवाजे आणि जुन्या, मोठाल्या झाडांची एक रांग. पाऊस महिनाभर रिपरिपत होता आणि त्या झाडांखाली, पाचोळ्यातून, लाकडाच्या ओंडक्यांवरून जे काही उगवायचं ते मेहुण्याच्या डोळ्यांत भरलं. नुसतं चालण्यापेक्षा काही तरी शोधत चालणं त्याला मानवलं. पंधरवड्यात तो अळंबीतला जाणकार झाला. म्हणजे तोच म्हणायचा.

फोनला फोटो दाखवला की फोन नाव सांगायचा. एकाच अळंबीचं सकाळी एक सांगायचा आणि दुपारी उजेड बदलला की दुसरं. मेहुण्याला त्याचं काही वाटायचं नाही. "माणसालाही दोन नावं असतात," तो म्हणायचा. शिवाय त्याच्याकडे ऐकीव कसोट्या होत्या. किड्याने खाल्लेली असेल तर आपणही खावी. वरची साल सुटली तर चांगली. शिजताना चांदीची अंगठी टाकावी, काळी पडली नाही की बिनधास्त जेवावं.

"कुत्र्याच्या छत्र्या त्या!" रंगारी पहिल्या दिवशी ओरडला. मेहुण्याने प्लास्टिकची बादली थेट स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवली होती. "उचल! आधी उचल ती तिथून! कुत्रा तरी खातो का ते?"

"कुत्रा काय खातो ते सांगू का भावोजी? जेवणं व्हायचीत अजून."

"मी जन्मभर हीच बुरशी खरवडतोय. तिला देठ फुटला म्हणून काय ती भाजी झाली?"

"दुकानात डब्यात मिळते ती कोण आहे मग? तीही बुरशीच."

"तीही मी खात नाही."

"तुम्ही काय खाता ते सांगा, यादी छोटी आहे," बायको म्हणाली, आणि भावाबहिणीने एकमेकांना टाळी दिली.

रंगाऱ्याने बादलीत डोकावलं. डोकावायला नको होतं. तपकिरी, शेंबडाने माखल्यासारख्या चकत्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. एकीच्या खालच्या बाजूने, पुस्तकाच्या पानांसारख्या असतात त्या पाकळ्यांतून, पांढऱ्या अळ्या डोकी बाहेर काढून हवा खात होत्या. दुसरी कडेपासून विरघळत चालली होती आणि तिच्यातून शाईसारखं काळं काहीतरी ठिबकत होतं. तो खिडकीपाशी गेला आणि उमासे देत उभा राहिला.

"पोटुशी बाई बरी," मेहुणा म्हणाला. पण त्या दिवशी त्याने ती बादली टाकून दिली. भावोजींचा चेहरा पाहिल्यावर त्यालाही घास उतरला नसता.

त्यातूनच मेहुण्याला ती कल्पना सुचली. कोणाच्या डोक्यात कधी काय उगवेल याचा नेम नसतो, आणि रिकाम्या ड्रायव्हरच्या तर मुळीच नाही. तो दोन दिवस विचार करत होता. तिसऱ्या दिवशी जेवताना बोलला.

"ताई, माणसाला किळस कशाला दिली असेल गं?"

"यांना छळायला," बायको म्हणाली.

"नाही. विष ओळखायला! सडकं मांस, नासकं दूध, याची आपल्याला घाण वाटते म्हणून आपण वाचतो. मग ज्याला सगळ्यात जास्त घाण वाटते, तो सगळ्यात मोठा जाणकार नाही का? त्या खेपेला खालच्या मजल्यावरचा गॅस गळत होता तो कोणाला आधी कळला? भावोजींना. डझनातलं एक अंडं नासलेलं, न फोडता कोणी सांगितलं? भावोजींनी. फोनबिन सोड. आपल्या घरात एवढं मोठं यंत्र बसलंय, आणि आपण त्याला हसतो!"

रंगारी ताटावरून वर बघेना. पण घास चावायचं थांबला होता. त्याच्या नाकावर आजवर लोक हसले होते, चिडले होते. एकदा एका गिऱ्हाइकाने तर त्याच्या घरच्या वासाला "शी" म्हटलं म्हणून शिडीसकट बाहेर काढलं होतं. हे नाक कामाचं आहे असं कोणी म्हटलं नव्हतं.

"मी खाणार नाही," तो म्हणाला.

"खाऊ नका हो! नुसता वास घ्यायचा. नापास म्हणालात की बादली थेट कचऱ्यात. पास म्हणालात तर आम्ही खाऊ."

झालं. रोज संध्याकाळी तपासणी सुरू झाली. मेहुणा जुन्या वर्तमानपत्रावर एकेक अळंबी मांडायचा. रंगारी मागे हात बांधून, नवरदेवाच्या आईने मुलगी बघावी तसा, रांगेवरून चालत जायचा. वाकायचा. हुंगायचा. "शी." नापास. "शी शी." नापास. एकदा मेहुण्याने झाडामागून एक उभट, छिद्राछिद्रांची वस्तू आणली होती. तिच्या टोकाला हिरवट चिकट लेप होता आणि त्यावर माश्या. मेलेल्या उंदराला अत्तर लावल्यासारखा वास. रंगारी दारातूनच ओकत न्हाणीत गेला, आणि मेहुण्याने जिन्यात ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "ही तर बोर्डात नापास!"

कधीमधी एखादी साधी, गवतात उगवलेली, मातकट वासाची असायची. तिला रंगारी नुसतं "हूं" म्हणायचा. "शी" नाही म्हणजे पास. ती बायको परतायची, दोघं खायची, सकाळी दोघं ठणठणीत. असं चार-पाच वेळा झालं आणि मेहुण्याने फोनवर नाव बघणंही सोडून दिलं. अंगठी परत बोटात गेली. इमारतीतही बातमी पसरली. नाकमुरड्यांचं नाक म्हणजे प्रयोगशाळा आहे म्हणे. रंगारी कामावरून थोडा लवकर घरी यायला लागला. जिना चढताना "आज काय आणलंस रे?" असं तो आपण होऊन विचारू लागला. बायकोने ते पाहिलं आणि तिला बरं वाटलं. माणूस म्हातारपणी का होईना कशात तरी रमला.

त्या रविवारी संध्याकाळी मेहुण्याने बादली ठेवली ती हलक्या हाताने, अंडी असल्यासारखी. आत सगळ्या पांढऱ्या. मोठ्या झाडाखाली, पाचोळ्यातून सरळ उभ्या होत्या म्हणाला, मुळासकट उपटून आणल्यात.

रंगारी वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

अशी स्वच्छ वस्तू त्याने आयुष्यात क्वचित पाहिली होती. चिकटा नाही, डाग नाही, अळी नाही. टोपी पांढरी, पाकळ्या पांढऱ्या, देठ पांढरा, देठावर पातळ पदराची पांढरी झालर. घोटून घोटून लांबी भरावी, वरून पहिला हात मारावा आणि अजून कोणी त्या खोलीत पाऊलही टाकलेलं नसावं, तशी. तो ज्या भिंतीची जन्मभर वाट बघत होता ती भिंत कोणीतरी वळून छत्री केली होती. त्याने नाक जवळ नेलं. वास जवळजवळ नव्हताच. अगदी जवळ गेलं तर थोडासा गोडसर, लांबून आलेल्या मधासारखा.

त्याने मोजा न घालता बोट पुढे केलं आणि टोपीला लावलं. रेशमासारखी गार होती.

"अगं बाई!" बायको ओट्यापाशी थबकली. "हात लावलात?"

"ही बघ अळंबी," तो म्हणाला. "आत्तापर्यंत आणलीस ती घाण. हिला नाव ठेवायला जागा नाही."

"म्हणजे पास?"

"पहिल्या नंबराने."

बायकोने देठांचे मातीने भरलेले बुडखे कापून टाकले, बाकीचं चिरून कांद्यावर परतलं. घरभर असा काही घमघमाट सुटला की शेजारीण दार उघडून विचारून गेली. रंगाऱ्याने त्या दिवशी चमचाही उचलला. एक फोड ओठापर्यंत नेली. मग ती शिजून मऊ झालीय, दाताखाली बुळबुळेल, असं मनात आलं आणि त्याने फोड परत बायकोच्या ताटात टाकली.

"राहू द्या, तुम्ही नका खाऊ," ती हसत म्हणाली. "आम्हाला तेवढीच जास्त."

सोमवारी सकाळी तो एका घरी न्हाणीचं छत खरवडत होता तेव्हा आश्रमातून फोन आला. तुमची बायको इथे उलट्या करतेय. जुलाबही. उभं राहवत नाही. त्याने शिडी तिथेच सोडली. वाटेत मेहुण्याला फोन लावला, तो बराच वेळ उचलेना. उचलला तेव्हा नुसता कण्हण्याचा आवाज आला आणि मागे पाण्याचा. मेहुणा पहाटेपासून संडासात बसला होता.

दवाखान्यात दोघांना शेजारच्या खाटांवर घेतलं. तपासायला आलेली डॉक्टरीण बारीक अंगाची, तुटक बोलणारी होती. काल काय खाल्लं, तिने विचारलं. रंगाऱ्याने सांगितलं. तिचा हात कागदावर थांबला.

"किती वाजता खाल्ली?"

"रात्रीच्या जेवणाला. पण डॉक्टर, खाऊन रात्रभर दोघं छान झोपली होती. अळंबी बाधायची तर तेव्हाच बाधली असती ना?"

"तेव्हाच बाधली असती तर मला एवढी काळजी वाटली नसती. उशिरा बाधते ती वाईट." तिने बायकोच्या पोटावर हात ठेवला. "कसली होती? कोणी ओळखली होती?"

मेहुण्याने डोळे मिटून घेतले.

"मी," रंगारी म्हणाला.

"कशावरून?"

"वासावरून. मला... घाण वाटली नाही."

डॉक्टरीण त्याच्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"अहो, सगळ्यात विषारी अळंब्यांतल्या काही दिसायला आणि चवीला उत्तमच असतात," ती म्हणाली. "वासाने कळत नाही, अंगठीने कळत नाही, किड्यांनी खाल्ली म्हणून कळत नाही. उरलीय का थोडी? फोटो?"

मेहुण्याच्या फोनमध्ये फोटो होता. बादलीचा, वरून काढलेला. नुसत्या पांढऱ्या टोप्या. डॉक्टरणीने तो वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या तिच्या ओळखीच्या बाईंना पाठवला. त्यांचं उत्तर लगेच आलं. वरून सांगता येणार नाही, बुडखा हवा.

"औषध मी सुरू करते," डॉक्टरीण म्हणाली. "थांबत नाही. पण नक्की कळलं तर पुढचं सगळं बदलेल. बुडखे कुठे आहेत?"

"कचऱ्यात," बायको खाटेवरून पुटपुटली, आणि तिला पुन्हा उमासा आला.

इमारतीच्या मागे सगळ्यांच्या कचऱ्याचे तीन मोठे पिंप होते. रंगारी एरवी त्यांच्या बाजूने जातच नसे. वळसा घालून पुढच्या दाराने जायचा आणि घरचा कचरा बायकोच नेऊन टाकायची. कचऱ्याची गाडी आठवड्यातून एकदा, सोमवारी दुपारी यायची. गाडी अजून आली नव्हती आणि पिंप काठोकाठ भरले होते.

त्याने झाकण उचललं. गरम वाफ तोंडावर आली. आठवडाभराचा पाऊस आत मुरला होता. माश्या एखाद्या घोंगडीसारख्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. कामाचे रबरी मोजे पिशवीत होते, ते त्याने चढवले, तोंडाला फडकं बांधलं आणि हात घातला.

पहिल्याच मुठीला लहान मुलाची लंगोटी आली, भरलेली, फुगलेली. त्याने ती बाजूला टाकली. मग माशांची डोकी. मग चहाचा चोथा, त्यात सिगारेटची थोटकं, त्यात कोणाच्या तरी कंगव्यातल्या केसांचं बुचकं. तो पिंपाला धरून ओकला. फडकं काढायला उशीर झाला होता. फडकं फेकून दिलं. पुन्हा हात घातला. फाटलेल्या पिशवीतून शिळ्या भाताचा लगदा बाहेर आला आणि तो लगदा हलत होता. अळ्याच होत्या त्या. वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून कोणीतरी विचारलं, "काय नाकमुरडे, काही पडलं का?" तोंड उघडलं असतं तर माशी आत गेली असती.

पहिला पिंप तळापर्यंत झाला. दुसऱ्यात निम्म्यावर गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की मोज्यांतून सगळंच सारखं लागतंय. साल काय, कांदा काय, बुडखा काय, काहीच कळत नाही. बुडखे बोटभर सुद्धा नाहीत. त्याने मोजे काढले. क्षणभर तो आपल्या कोरड्या, पांढऱ्या हातांकडे बघत राहिला. मग दोन्ही हात कोपरापर्यंत आत गेले.

बोटांना काय काय लागलं ते त्याने नंतर कोणाला सांगितलं नाही. काही गरम होतं, काही गार. काही बोटांमधून वर आलं. नखांत शिरलं. तो एकीकडे ओकत होता, ओकायला पोटात काही उरलं नाही तेव्हा नुसताच आचके देत होता, आणि दुसरीकडे हात चालू होते. "शी" म्हणायचंसुद्धा राहून गेलं होतं.

त्याच्या घरचा कचरा ओळखायला सोपा होता. इमारतीत दुसरं कोणी कचरा वर्तमानपत्राच्या दोन पदरांत बांधत नव्हतं. हा त्याचाच हट्ट. ओलं पुडकं हाताला लागलं, सुतळीची गाठ लागली, तेव्हा त्याने ते तिथेच, पिंपाच्या काठावर फाडलं. कांद्याची सालं. अंड्याची टरफलं. आणि त्यांत ते बुडखे.

काल ओट्यावर ते मातीने माखले होते, म्हणून कोणी बघितलंच नव्हतं. आता ओलीने माती सुटली होती. देठाच्या तळाशी एक फुगीर गड्डा, आणि त्या गड्ड्याभोवती पातळ, फाटकी, पांढरी पिशवी. जणू ती अंड्यातून फोडून बाहेर आली होती आणि टरफल खाली सोडलं होतं. त्याने बुडखा नाकाशी नेला. एका रात्रीत वास फिरला होता. मध होता, पण नासलेला, मेलेल्या फुलांचं पाणी मिसळलेला. त्याच्या मणक्यातून सरसरून शिसारी गेली. नाकाने निकाल दिला होता, फक्त ताटं धुऊन झाल्यावर.

बुडखे न्यायला भांडं हवं होतं. त्याच्या पिशवीत जेवणाचा डबा होता. त्याने आतलं जेवण पिंपात उलटं केलं, बुडखे डब्यात घातले, झाकण लावलं.

बसमध्ये त्याच्या शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली. मग समोरचा माणूस उठला. कंडक्टरने तिकीट दिलं ते हात लांब करून, नाकावर रुमाल धरून. रंगारी डबा मांडीवर घट्ट धरून बसला होता. त्याला स्वतःचा वास येत होता, आणि खिडकी उघडावी हे त्याला सुचलं नाही.

वनस्पतीशास्त्राच्या बाईंनी फोनवरून बुडखा बघितला, पिशवी बघितली, देठावरची झालर कुठे होती ते विचारलं, पाकळ्यांचा रंग विचारला. मग म्हणाल्या, तीच आहे. यकृत खाणारी. रुग्णांना घरी सोडू नका.

ते शेवटचं वाक्य किती मोलाचं होतं ते बुधवारी कळलं. सकाळी दोघंही उठून बसली. उलट्या थांबल्या, जुलाब थांबले. मेहुण्याला भूक लागली. त्याने चपला शोधायला सुरुवात केली.

"झालो की बरा! सलाइन काढा म्हणावं. इथला वास तर भावोजींनाही सोसवणार नाही."

"बस खाली," रंगारी म्हणाला.

"अहो, मला काही होत नाहीये!"

"डॉक्टर म्हणाल्या, आता बरं वाटेल आणि तेच फसवं आहे. आत चालूच असतं." तो दारात जाऊन, चौकटीला पाठ लावून उभा राहिला. "वरून रंग छान दिसतोय म्हणून भिंत कोरडी होत नाही. तू जाऊन दाखव मला इथून."

मेहुण्याने त्याच्याकडे पाहिलं. घाणीचं निमित्त नसताना भावोजी आवाज चढवतात हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. तो खाटेवर बसला.

संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरीण लगेच दुसऱ्या डॉक्टरला बोलवायला गेली. दुसऱ्या दिवशी बायकोचे डोळे पिवळे झाले, मग हात, मग नखांखालची कातडी. दोघांना मोठ्या दवाखान्यात हलवलं. मेहुणा बडबड करायचा थांबला. हीच गोष्ट रंगाऱ्याला सगळ्यात भीतीदायक वाटली. बायको अर्धवट ग्लानीत आश्रमातल्या म्हाताऱ्यांना हाका मारायची, "आजोबा, कूस बदला, आजोबा." रंगारी तिच्या उशाशी बसायचा. तिला कोरडे उमासे यायचे तेव्हा भांडं धरायचा. कडू, हिरवं पाणी त्याच्या मनगटावर उडायचं. त्याला किळस यायचीच. तरी तो दुसऱ्या हाताने तिचं कपाळ धरायचा. पांढऱ्या भिंतीकडे मात्र त्याला बघवत नसे. दवाखान्यातल्या सगळ्या भिंती पांढऱ्या होत्या.

रिपोर्टातले आकडे वर गेले, तिथेच रेंगाळले आणि एका सकाळी खाली आले. दुसऱ्या दिवशी आणखी खाली. आधी तिचे, मागून मेहुण्याचे. "यकृताने धरलं," डॉक्टर म्हणाले. "दोघंही निभावली. आधीच घरी सोडलं असतं तर आमच्या हातात काही राहिलं नसतं."

रंगारी खाटेपाशी आला. बायको उशीला टेकून बसली होती. गालफडं वर आलेली, रंग अजून जुन्या कागदासारखा, पण डोळ्यांत ओळख होती. तिने त्याचा हात हातात घेतला, नखं बघितली. ती घासून घासून लाल झालेली होती.

"भाऊ सांगत होता," ती म्हणाली. "पिंपात कोपरापर्यंत हात घातलात म्हणे."

"त्याला कोणी सांगितलं?"

"अख्खी इमारत खिडकीत होती."

तो मान खाली घालून म्हणाला, "मीच पास केली होती."

"आणि आम्ही खाल्ली. तुम्ही जबरदस्तीने कोंबली नव्हती." तिने दम खाल्ला. तिच्या सुकलेल्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "पण एक खरं सांगू का हो? रागवायचं नाही."

"सांग."

"चवीला फार छान होती. अशी अळंबी मी जन्मात खाल्ली नव्हती. जीभ अजून आठवण काढते."

रंगाऱ्याने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांसमोर ती पांढरी फोड आली, कांद्यात परतलेली, मऊ, चमकणारी, आणि ती तिच्या जिभेवर, घशातून खाली, आत आत. त्याने तोंडावर हात दाबला. भांडं लांब होतं. तो कसाबसा खोलीतल्या बेसिनपर्यंत पोचला आणि दोन्ही हातांनी ते धरून पोट पिळवटून ओकला.

मागे बायकोला हसू फुटलं. हसताना बरगडी दुखत होती, तरी थांबवेना. आवाज ऐकून नर्स धावत आत आली, भांडं घेऊन थेट खाटेपाशी गेली.

"परत सुरू झालं का? किती वेळा झाली?"

"मला नाही हो सिस्टर," बायको डोळे पुसत म्हणाली. "त्यांना. त्यांना द्या ते भांडं."